दोन कुलपांचं कपाट

जपान्यांनी जावा बेट घेतलं आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात कोयनेल मिळणं मुश्कील झालं. हिवतापावरचं ते एकच औषध, आणि ते त्या बेटावरून यायचं. ही गोष्ट तालुक्याच्या डॉक्टरांनी गनीभाईला दोनदा समजावून सांगितली, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात शिरली.

गनीभाई लोकल बोर्डाच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. राजूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत वाघदरा नावाचं गाव. तिथं दोन कौलारू खोल्यांचा दवाखाना, आणि मागच्या अंगाला गनीभाईचं घर. डॉक्टर आठवड्यातून एकदा घोड्यावर बसून येत. एरवी भुकटी तोलून पुड्या बांधायच्या, त्या रोग्याच्या हातात द्यायच्या, हे सगळं गनीभाईकडंच. भादवा लागला की वाड्यावाड्यांवरून कुडकुडणारी माणसं यायची, ती थेट दिवाळीपर्यंत.

पलीकडच्या तालुक्यात कुण्या कंपाउंडरनं कोयनेल चोरून विकलं, तेव्हा बोर्डानं नवा हुकूम काढला. कोयनेलच्या कपाटाला दोन कुलपं लावायची. एक किल्ली कंपाउंडरकडं, दुसरी गावच्या पंचाकडं. दोघं समोर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.

वाघदऱ्याचे पंच होते कानिफनाथ. भाताची चांगली जमीन, घरात चार गडी, बोलायला गोड माणूस. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. सुरुवातीचे काही दिवस अण्णा रोज सकाळी येऊन बसले. मग भाताची आवणी आली, पाहुणे आले, कोर्टाची तारीख आली. दवाखान्याच्या ओट्यावर माणसं घोंगडी पांघरून अण्णांची वाट बघू लागली.

एका बाजारच्या दिवशी साळूबाई आपल्या नवऱ्याला, सहादेवला, डोलीत घालून घेऊन आली. वरच्या वाडीची ठाकरीण. डोली धरायला भाऊबंद होते. ताप डोक्यात गेलेला, सहादेवला माणूस ओळखू येत नव्हतं. अण्णा राजूरच्या बाजाराला गेले होते, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

"दादा, कपाट तं हितंच हाय ना?" साळूबाई म्हणाली.

"दुसरी किल्ली माझ्याकडं नाही, बाई. अण्णा येऊ देत."

"मंग फोडा की!"

गनीभाईनं कपाटाकडं पाहिलं. सागाची फळी, पितळी कुलूप. एका घावाचं काम. पण सरकारी कुलूप फोडायचं म्हणजे नोकरी गेली, वर तुरुंग. त्यानं राजूरला माणूस पिटाळला. अण्णा दिवस कलायला आले तेव्हा साळूबाई ओट्यावर सहादेवचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. तिनं मान वर करून गनीभाईकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी गनीभाई अण्णांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अण्णा, एक तर रोज दवाखान्यात येऊन बसा, नाही तर किल्ली मला द्या. दुसरं मरण मला बघवायचं नाही."

अण्णांनी करगोट्याची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं. "मी तेच म्हननार हुतो, गनीभाई. तुज्यावर इस्वास न्हाई तं कुनावर ठिवायचा? महिन्याच्या महिन्याला मी वहीत सही करीत जाईन."

त्या दिवसापासून दोन्ही किल्ल्या गनीभाईच्या कमरेला आल्या. माणसं येत, पुडी घेत, उठून घरी जात. त्या वर्षी वरच्या वाड्यांवर तापानं फार कमी माणसं दगावली. गनीभाईला पहिल्यांदाच आपल्या नोकरीचा अभिमान वाटला. डॉक्टर येत, डबे तराजूत घालत, वजन बरोबर भरलं की मान डोलावत. अण्णा ओळीनं सह्या ठोकत.

पुढच्या पावसाळ्यात गनीभाईचा धाकटा भाऊ शमशेर संगमनेरहून परत आला. तिथला विड्यांचा कारखाना बंद पडला होता. घरात त्यांची आई, बद्रुन्निसा, आणि हे दोघं भाऊ. शमशेर दिवसभर अंगणात बसायचा, अधूनमधून संगमनेरला काम बघायला म्हणून जायचा. येताना आईला लुगडं, कधी गूळ. गनीभाई आंघोळीला बसला की किल्ल्या कोनाड्यात असायच्या. घरातच कोनाडा, घरचीच माणसं. त्यात लपवायचं काय?

भादव्यात ताप पुन्हा उठला. या खेपेला पुड्या देऊनही माणसं उठेनात. पहिल्यांदा गनीभाईला वाटलं, यंदाचा तापच जहरी आहे. त्यानं पुड्या वाढवल्या. तरी मरणाच्या बातम्या यायच्या त्या यायच्याच.

मग एका दुपारी साळूबाई आली. आता पोर पाठुंगळी होती, झुंबर, सहा-सात वर्षांची. चार दिवस पुड्या घेऊनही पोर तापानं फणफणत होती.

"दादा, ह्या पुड्या बदलून दे," साळूबाई म्हणाली. "पोरगी पिठावानी खाती. आदी तोंडात घातली का वकायची. आता म्हनती, आई, कडूच न्हाई."

गनीभाईचे हात जागच्या जागी थांबले. त्यानं कपाट उघडलं, डब्यात खोल बोट घातलं आणि ते जिभेला लावलं. काहीच नाही. दुसरा डबा. वर बोटभर कडू भुकटी, खाली तांदळाचं पीठ. तिसराही तसाच. वजन मात्र गुंजभर कमी नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर या महिन्यात पुडी घेऊन गेलेली तोंडं यायला लागली. कितीतरी जणांना त्यानं स्वतःच्या हातानं पाणी पाजून ते पीठ गिळायला लावलं होतं.

तो मागच्या दारानं घरात गेला. शमशेर बाजेवर पडला होता. गनीभाईनं त्याला दंडाला धरून उठवलं.

"उरलंय का काही?"

"काय उरलंय?"

"शमशेर, बाहेर पोर मरतंय. उरलंय का?"

चुलीपाशी बसलेली बद्रुन्निसा उठली, तांदळाच्या मडक्यात हात घातला आणि कापडाची पुरचुंडी काढून गनीभाईसमोर धरली. गनीभाई आईकडं बघतच राहिला.

"तुला ठाऊक होतं, अम्मी?"

"मला वाटलं, दवाखान्यात लई हाय," ती म्हणाली. "सरकारचं हाय. थोडंसं घेतलं तर कुणाला कळतंय."

पुरचुंडीत मूठभरच होतं. झुंबरला पुरेल आणि आणखी एका-दोघांना. ती तशीच ठेवली असती तर पुढं चौकशीत दाखवता आली असती, भाऊ चोर आहे हे सांगायला तेवढाच एक पुरावा होता. गनीभाईला ते कळत नव्हतं असं नाही. तो दवाखान्यात गेला आणि साळूबाईच्या डोळ्यांदेखत पुरचुंडी सोडून त्यानं पुड्या बांधल्या. पहिली पुडी जिभेवर पडताच पोरगी कळवळून रडली. साळूबाई मात्र हसली.

मग तो अण्णांकडं गेला. सगळं ऐकून घेतल्यावर अण्णांनी दाराची कडी लावली.

"गप ऱ्हा. डबे वढ्यात पालथे घाल, म्हन की वल लागून खराब झाले. माजी सही हाय समद्यावर."

"आणि माणसं पीठ खाऊन मेली त्यांचं काय, अण्णा?"

"मेलेली काय उठून येनार हायेत का?"

डॉक्टर आले त्या दिवशी गनीभाईनं डबे त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणाला, "चाखून बघा साहेब." डॉक्टरांनी चाखलं. "मी दर खेपेला तोलत होतो रे," एवढंच ते म्हणाले. त्यांनी दवाखान्याला सील ठोकलं. तोवर शमशेर मुंबईच्या वाटेला लागला होता.

चौकशी चावडीत झाली. मामलेदार खुर्चीवर, बाजूला फौजदार. अण्णांनी सांगितलं की किल्ली गनीभाईनं भांडून, दारात उभं राहून नेली. आपण साधे शेतकरी, सरकारी माणसाच्या शब्दाला मान दिला. त्यात दारात उभं राहिल्याचं तेवढं खरं होतं. बद्रुन्निसाला विचारलं, शमशेरनं कोयनेल घरात आणलेलं तुम्ही पाहिलं का? तिनं पदर पुढं ओढला. "न्हाई," ती म्हणाली. गनीभाईनं तिच्याकडं पाहिलं. तिनं पाहिलं नाही. एक मुलगा समोर होता, दुसरा कुठं होता ठाऊक नव्हतं. जो समोर नव्हता त्याच्यासाठीच तिचं काळीज तुटत होतं.

साळूबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती डोंगर उतरून आपल्या पायानं आली, झुंबरचा हात धरून. पोरगी वाळलेली होती, पण चालत होती.

"सायेब, ह्यो मानूस चोर न्हाई," साळूबाई मोठ्यानं म्हणाली. "ह्यानं माजी पोर वाचावली. कपाटात पीठ हुतं, तं ह्यो घरात पळाला. घरातनं खरं कोयनेल आनलं, पुरचुंडी सोडून दिलं. म्या माज्या डोळ्यानं पायलं."

फौजदारानं लिहिणाऱ्याला खूण केली.

"घरातून आणलं?" मामलेदारांनी विचारलं. "नीट आठवून सांग, बाई."

"व्हय, घरातनं. देवाशपत."

मामलेदार गनीभाईकडं वळले. "तुला काही सांगायचंय?"

सांगायचं म्हटलं तर पुष्कळ होतं. पुरचुंडी कुठल्या मडक्यातून निघाली, कुणाच्या हातानं निघाली, हे सांगायचं म्हणजे म्हातारीला फौजदाराच्या हवाली करायचं. आणि या बाईला सांगायचं की तिच्या शब्दानं काय केलं. गनीभाईनं मान हलवली. "ती बोलली ते खरं आहे, साहेब. आणि किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या."

त्याला दीड वर्षाची सजा झाली. दवाखान्याचं सील थंडी सरेपर्यंत निघालं नाही. कागद तालुक्याहून नगरला आणि नगरहून तालुक्याला फिरत राहिले. वरच्या वाड्यांवर त्या सालात किती माणसं गेली ते कुणी मोजलं नाही. नवा कंपाउंडर आला तेव्हा दुसरी किल्ली पुन्हा अण्णांकडंच गेली, कारण गावात दुसरा पंच नव्हता.

पण हे पुढचं. त्या दिवशी शिपाई गनीभाईला चावडीतून बाहेर आणत होता, तेव्हा साळूबाई पायरीशी थांबली होती. सायबापुढं बोलल्यानं तिचा चेहरा अजून तापलेला होता.

"सुटलास ना रं, दादा?" तिनं विचारलं.

शिपायानं गनीभाईला बांधायची दोरी मुद्दाम पाठीमागं लपवली.

"सुटलो, बाई," गनीभाई म्हणाला. "पोरीला घेऊन जा आता. ऊन हाय."