अकरावा फर्मा

बायकोनं तीच जुनी कादंबरी पुन्हा शिवायला दिली, तेव्हा बाइंडरच्या मनात पाल चुकचुकली. शिलाई उसवून त्यानं सोळा-सोळा पानांचे फर्मे टेबलावर मांडले. सगळे पिवळे, पण कडक. एकटा अकरावा मात्र फडक्यासारखा मऊ, कडा बोटांनी काळवंडलेल्या.

"वहिनींचं का?" कटिंग मशीनवरचा भागीदार म्हणाला. "नवऱ्याला विटलेल्या बाईची गोष्ट ना ही? सांभाळ बाबा!"

बाइंडर हसला, पण तोंडदेखलं. पुस्तकं शिवण्यात जन्म गेला, वाचायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. आज उभ्याउभ्याच वाचलं. नायिकेला लग्नाआधीचा तो पुलावर भेटतो. ती त्याचा रुमाल मागून घेते. पुढं त्याच्यानं वाचवेना. अकरावा फर्मा त्यानं पिशवीत कोंबला, दहाव्याला बारावा शिवला आणि पुस्तकाच्या पाठीवर खळ अशी चढवली की कोणाच्या बापाला कळू नये.

घरी बायकोनं पुस्तक उघडलं. दोनचार पानं मागंपुढं केली.

"अहो, अकरावा फर्मा कुठाय?"

"कसला अकरावा?"

"नाटकं नकोत."

बाइंडरची बायको ती. फर्मे मोजायला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं पिशवीतला फर्मा तिच्यापुढं आपटला. "घे. पुलावरचा तो वाचताना कोण आठवतं तुला?"

तिनं शांतपणे पान उलटलं. "पुढचं वाचलंत?"

त्यानं वाचलं. नायिका घरी येते. नवरा दिवा जवळ ओढतो आणि विचारतो, 'तू इथं सुखी आहेस का?'

"अख्ख्या पुस्तकात नवरा तिला एवढं एकदाच विचारतो," बायको म्हणाली. "मी तेच वाचते."

आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. कशाची वाट बघतेय, हे त्याला कळत होतं. प्रश्न समोर छापलेलाच होता, नुसता उचलायचा. पण पुलावरचा तो डोक्यातून हलेना.

"हे पुस्तक तुला दिलं कोणी?"

"रद्दीवाल्यानं. वजनावर."

तिनं फर्मा नीट दुमडून पर्समध्ये ठेवला, चपला घातल्या. "ताईकडे जाते. बाकीचं तुम्ही ठेवा."

दार लागलं. बाइंडर पुस्तकाचं पहिलं पान दिव्यासमोर धरून तिथं कोणाचं नाव खोडलंय का, ते निरखू लागला.