वळणावरचा दिवा

आमच्या बचाव पथकातल्या रोबॉटला सगळे कोंबडी म्हणतात. मान वर करून खाणीचं छत टोचत चालते म्हणून. छत ठोकून, ते पोकळ आहे का हे आवाजावरून ओळखायला तिला माझ्या अबुतीने, म्हणजे थोरल्या भावाने, मोलेफीने शिकवलं. तेही खेळून. दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कम गावी खाणीच्या तोंडाशी आमचा सरावाचा हॉल आहे. तिथे पडद्यावर एक कोसळलेला बोगदा दिसतो आणि हवा संपायच्या आत अडकलेल्यांना बाहेर काढायचं असतं. अर्धा नकाशा माणसाला दिसतो, अर्धा कोंबडीला. जो तिच्याबरोबर खेळतो, त्याच्या सवयी ती उचलते.

अबुती वर्षभर खेळला. मग मार्चमध्ये खऱ्या बोगद्यात, एका वळणावर, छत त्याच्या अंगावर आलं. शेवटच्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा दिसल्याशिवाय वळण ओलांडायचं नाही, ही त्याची रीत. त्या दिवशी स्ट्रेचर घेऊन सगळ्यांत मागे मी होते. माझी चूक नव्हती असं सगळे सांगतात. मलाही पटतं. पटून काही होत नाही. अंत्यविधीला आमच्या रीतीप्रमाणे गाय कापली, मी वाढायला उभी राहिले, तर बायका म्हणाल्या, मामेलो किती खंबीर! खंबीर कसली, आत काही हलतच नव्हतं.

त्याच्या जागी मला खेळायला बसवलं. कोंबडी छत ठोकायची, पुढे जायची आणि प्रत्येक वळणावर उभी राहायची. माझा दिवा दिसला की मगच हलायची. तोवर आतल्या माणसांची हवा संपलेली असायची.

"ही उभी का राहते, कळत नाही," रियान म्हणाला. तो आमचा इंजिनियर, जोहान्सबर्गहून आलेला.

"मोलेफीची सवय आहे ती," म्हातारे फाकोए, पथकाचे न्टाटे म्हणजे बाबा, चहात तळलेली मग्विन्या बुडवत म्हणाले. "मागच्याचा दिवा दिसेपर्यंत थांबायची."

रियान माझ्याकडे न बघता म्हणाला, "शुक्रवारी परीक्षा आहे. अशीच थांबत राहिली तर तिला खाली नेऊ देणार नाहीत. तेवढी सवय पुसता येते. पण मामेलो, तू नको म्हणालीस तर मी हात लावणार नाही."

अबुतीचे कपडे आईने वाटून टाकले होते. चालता-फिरता असा तो आता एवढाच उरला होता, त्या पडद्यावरच्या वळणांवर. हे मला समजत होतं, पण दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

"पूस," मी म्हणाले.

"विचार कर, पोरी," फाकोए म्हणाले.

"आतली माणसं मरतात, न्टाटे. पुसू द्या रियानला."

दुसऱ्या दिवशी कोंबडी वळणावरून सरळ निघून गेली. मागे वळूनही बघितलं नाही तिने. मला वाटलं होतं, काहीतरी होईल मला. काही झालं नाही.

तरी हवा संपलीच. पुन्हा खेळलो, पुन्हा संपली. रियानने खेळ मागे नेऊन बघितला आणि एका वळणावर थांबवला.

"आता कोण थांबतंय?" फाकोएंनी विचारलं.

पडद्यावर वळणाशी मी उभी होते. कोंबडी केव्हाच पुढे गेली होती. माझ्या मागे कुणी येणार नव्हतं, आणि मी दिव्याची वाट बघत होते.

"ती तुझ्याकडून परत तेच शिकेल," रियान हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

खेळाचं यंत्र मी फाकोएंच्या हातात दिलं. "तुम्ही खेळा. शुक्रवारीही तुम्हीच जा."

"आणि तू?"

"माझ्यातलं कोण पुसणार?"

फाकोए खेळले. आतली सगळी माणसं जिवंत बाहेर आली. रियानने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

संध्याकाळी घरी निघालो. फाटकाशी रस्ता वळतो, तिथे माझे पाय आपोआप थांबले. फाकोए गुडघा धरत मागून येत होते. त्यांनी पिशवीतून डोक्याचा दिवा काढला, अजून उजेड असतानाच पेटवला आणि माझ्या दिशेने धरला.

"आलो गं, आलो," ते म्हणाले. "सगळे आलो. चल आता."

मग मात्र मला रडू फुटलं.