रिकामी चालून दाखव

चेतनानं मोबाइलवरून गाडीसाठी जोडथैली मागवली. सीटवर आडवी टाकली, दोन्हीकडे एकेक थैली लोंबली, अन् माह्याकडं अशी पाहून राहिली, का मी आता आरतीच ओवाळते.

"बेल्ट आहेत ना माय, सारं बरोबर बसते."

"खाक बरोबर बसते! उजवी थैली सायलेन्सरवर टेकून राहिली. मासोळी शिजवून नेशीन काय आमगावले?"

थैलीत बोटुकली जाणार होती. बोटाएवढी मासोळीची पिल्लं, पाणी अन् ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पन्न्यांत. पोरीनं नोकरी सोडून हा धंदा धरला होता अन् ही पहिलीच ऑर्डर. अर्धी पिल्लं मेली तं पुढल्या साली दुसऱ्याले बोलावू, असं तलाव सोसायटीच्या बकारामनं तिले तोंडावर सांगितलं होतं. माहाच जीव खालीवर होऊन राहिला होता.

चेतनाचा बाप जलमभर हेच काम करे. बोदलकस्याहून गावोगावच्या तलावांत बोटुकली पोचवे. त्याची थैली ताडपत्रीची, त्यानंच दाभणानं शिवलेली. पण भरलेली थैली तो आधी गाडीवर टाकतच नसे. माह्या खांद्यांवर टाके! पट्टा मानेमागून, एक थैली उजव्या अंगाले, एक डाव्या. कावड वाहणाऱ्याच्या घरचा माणूस. वजन काट्यावर नाही, चालीत कळते म्हणे. अन् त्याच्याही आधी, "कला, पहिले रिकामी चालून दाखव." सारा मोहल्ला दात काढे. मी भडके, "काऊन, नवरी पाहाले आला काय?" तो नुसता हासे. तीस वर्षं हेच नाटक. आता त्याले जाऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळी कोणाची गाडी सुरू झाली का माहे खांदे आपोआप सरळ होतात.

"आण इकडं," मी म्हटलं.

चेतनानं पन्न्या भरून थैली माह्या खांद्यांवर टाकली. मी हापशीपर्यंत चालून आली.

"उजवीकडं ओढून राहिली. तिकडची एक पन्नी काढ."

पोरीनं पन्नी काढली नाही. थैली उतरवून घेतली अन् म्हणाली, "माय, आता रिकामी चाल."

"तूबी लागली काय बापासारखी?"

"चाल तं."

चालली. ती डोळे बारीक करून माह्या पाठीकडं पाहत होती.

"थैली बरोबर आहे माय. तुहा उजवा खांदाच दोन बोटं खाली आहे. ओल्या जाळ्या वाहून वाहून. बाबानं मले सांगितलं होतं, रिकामं चालताना खांदा जेवढा खाली, तेवढं सोडून बाकीचं वजन पाहायचं. पण मायले सांगू नको म्हणे, उगीच ताठ चालाले लागन."

मी हापशीच्या ओट्यावर बसली अन् भडभडून रडली. लबाड कुठचा! मले वाटे मजाक करून राहिला, अन् तो दर खेपेले माहा खांदा पाहत होता. एकदा तरी सांगायचं होतं ना. मी दोन शिव्या कमी दिल्या असत्या.

"ऊठ माय, पन्न्या गरम होऊन राहिल्या."

उठली. उजव्या थैलीचा बेल्ट दोन छिद्रं वर घेतला, सायलेन्सरच्या बाजूनं ओलं बारदान लावलं. खालचे पट्टे फुलीसारखे सीटखालून काढून मागच्या पायदानाले आवळले. लोंबती टोकं आत खोचली, नाही तं चाकात जातात. दोघींनी गाडी गदागदा हालवली. थैली जागची सरकली नाही.

दुपारी फोन आला. "माय, सारी सोडली तलावात. सात मेली फक्त! बकारामकाका म्हणे, शनिवारी आणखी आण."

फोन ठेवला अन् आंगणात आली. हापशीपर्यंत रिकामी चालून दाखवलं. ताठ नाही, जशी चालते तशी.