तांबडीचं अंडं

कस्तुराबाईंनी तांबडीला डालग्याखालून बाहेर काढलं आणि तिच्या पोटाखाली बोटं फिरवली. अंडं हाताला लागत होतं, कालपासून तिथंच अडकलेलं. कळ आली की कोंबडी मान ताणायची, शेपूट खाली टाकायची आणि पुन्हा डोळे मिटून घ्यायची.

पाच वर्षांची झाली होती ती. एके काळी दिवसाआड अंडं द्यायची. आता पंधरा दिवसांतून एखादं, तेही कधी टरफलाविना, नुसत्या पातळ कातडीचं. गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, की म्हातारपणी असं होतं. कोमट पाण्यात बसवा, तेल लावा, तरी सुटलं नाही तर इलाज नाही. सुजित सकाळी कामावर जाताना म्हणाला होता की कापून टाकू, हाल तरी थांबतील. लेक गेल्यावर कस्तुराबाईंनी चुलीवर पाणी तापत ठेवलं होतं.

तांबडी करिष्माची होती. चार वर्षांच्या नातीने ती पिल्लापासून हाताने दाणे भरवून वाढवली होती. करिष्मा सातव्या वर्षी डेंग्यूने गेली. त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिची आई, विजयश्री, परसातल्या कोंबड्यांकडे फिरकली नव्हती.

कस्तुराबाईंची बोटं संधिवाताने वाकलेली. एका हाताने कोंबडी घमेल्यात धरायची आणि दुसऱ्याने पाणी ओतायचं, हे काही जमेना. सुनेला हाक मारायला जीभ उचलत नव्हती. पहिली शिफ्ट करून आलेली विजयश्री हातपाय धुवायला मागे आली आणि घमेल्याजवळ थांबली.

"सरका, आत्या. मी धरते."

गळ्यातलं कंपनीचं कार्डही न काढता ती खाली बसली. तासभर दोघी तशाच होत्या. पाणी निवलं की कस्तुराबाई चुलीवरचं ओतायच्या. विजयश्रीने तेलाचं बोट लावलं, पोट हलक्या हाताने चोळलं. शेवटी अंडं सुटलं, मऊ, वेडंवाकडं. तिच्या ओंजळीतच ते फुटलं. मागोमाग रक्त आलं.

पोत्यावर ठेवल्यावर तांबडी दोन थेंब पाणी प्यायली. उन्हं कलायच्या आत तिने मान टाकली.

शेवग्याच्या बुंध्याशी विजयश्रीनेच खड्डा खणला. कोंबडी आत ठेवली आणि वर न बघता विचारलं,

"करिष्मा हिला काय म्हणायची, आत्या? तांबडीच?"

करिष्मा कोंबडीला ज्या नावाने हाक मारायची, ते कस्तुराबाईंनी दोन वर्षांत उच्चारलं नव्हतं. पण तासभर पाण्यात भिजलेले सुनेचे हात समोर होते. त्यांना खोटं बोलवेना.

"मम्मी म्हणायची. तू शिफ्टला गेलीस की ही तिची मम्मी."

विजयश्रीचे हात मातीत थांबले.

करिष्मा गेली त्या दिवशी विजयश्री कंपनीत लाइनवर होती आणि फोन लॉकरमध्ये. ती पोचली तेव्हा पोर शुद्धीत नव्हती. दिवसभर मम्मी मम्मी करत होती, एवढं शेजारच्या चतुराबाईंनी तिला सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून तिचं जेवणावरचं मन उडालं होतं, हसणं गेलं होतं.

"मग त्या दिवशी," तिने वर बघून विचारलं, "ती कुणाला बोलवत होती?"

कस्तुराबाईंना ती दुपार दिसली. पोर ऐकेना म्हणून त्यांनीच तांबडीला आणून खाटेवर सोडलं होतं. कोंबडी पोरीच्या कुशीला चिकटून बसली. करिष्माने तापलेला हात तिच्या पाठीवर ठेवला, "आली," म्हणाली, आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

"तुला," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुलाच बोलवत हुती, पोरी."

विजयश्रीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग खड्ड्यात वाकून तिने कोंबडीचे विस्कटलेले पंख दोन्ही बाजूंनी अंगाशी मिटवले, आणि ओंजळीने माती लोटू लागली.