बिनधारेचा सुरा

मी एक जुना सुरा आहे. खरं सांगायचं तर, जुना केलेला. युद्धात सैनिकांच्या कमरेला असायचा, तसल्या सुऱ्याची मी नक्कल. युद्ध संपून कितीतरी वर्षं झाल्यावर एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिरानं मला मिठाच्या पाण्यात भिजवून गंज चढवला, मुठीला बुटाचं काळं पॉलिश चोळलं आणि कानशीनं पात्यावर दोन-चार ओरखडे काढले. धार मात्र लावली नाही. "शोभेची वस्तू ही. उगाच कुणाचं बोट कापायला नको," तो म्हणाला. तेव्हापासून न पाहिलेल्या लढाईच्या जखमा मी अंगावर मिरवतो आहे. मित्रांनो, सोंग आणून माणूस दमतो, तसा सुराही दमतो.

बरेच दिवस मी दुकानात धूळ खात पडलो होतो. गिऱ्हाइकं मला उचलत, हवेत दोन वार करत आणि ठेवून देत. मग एका बाईनं मला विकत घेतलं. तिचे म्हातारे वडील पूर्वी सैन्यात होते. आता त्यांची आठवण दगा देऊ लागली होती. लढाईत त्यांनी आपला सुरा लंबू नावानं ओळखल्या जाणाऱ्या दोस्ताला थोड्या वेळापुरता दिला होता. लंबू परतलाच नाही. आता बाबा रोज कपाटं उपसत आणि "माझा सुरा कुठाय?" म्हणून घर डोक्यावर घेत. निदान तो शोध थांबेल, म्हणून लेकीनं मला आणलं.

बाबांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"लंबू आला होता?"

लेक गडबडली. "हो... आले होते लंबूकाका."

"आणि चहा न देताच पाठवलंस? काय म्हणेल तो!"

"घाईत होते, बाबा. येतील परत."

झालं! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोन कप मांडले जाऊ लागले. बाबा दाराकडे डोळे लावून बसत. एक चहा निवून जाई. लेक तो मुकाट्यानं ओतून टाकी आणि कप विसळी. तिचा चेहरा मला बघवत नसे. सगळं माझ्यामुळेच ना!

एके संध्याकाळी बाबांनी माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता बिंग फुटणार, हे मी ओळखलं. लेकीनंही ओळखलं आणि ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, मी तुम्हाला एक..."

"याला धारच नाही गं!"

त्यांनी मला उजेडाकडे धरलं.

"मी दिला तेव्हा नुसता टेकवला, की कागद चिरायचा. किती वापरला असेल बघ लेकाच्यानं! दोऱ्या कापल्या असतील, भाज्या चिरल्या असतील, पोरांच्या पेन्सिलींना टोकं काढून दिली असतील." ते हसायला लागले. "म्हणजे पुष्कळ जगला म्हणायचा. मला आपलं उगाच वाटायचं, की..."

थोड्या वेळानं त्यांनी दुसरा कपही पुढे ओढला आणि त्यातला चहा स्वतःच पिऊन टाकला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. गंज वाढला तरी चालेल, मूठ सैल झाली तरी चालेल. पण परवा शेजारी म्हणाले, "द्या इकडे, छान धार लावून आणतो," तेव्हा लेकीनं मला झटकन पाठीमागे लपवलं. म्हणून एवढंच मागतो. मला कुणी धार लावू नका.