अर्धी लाट

मी एक जुना गांग्सा, म्हणजे हातोडीने वाजवायचं वाद्य आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मी अर्धाच आहे. फणसाच्या लाकडाची चौकट, आत बांबूच्या नळ्या, वर दोरीवर टांगलेल्या काशाच्या पट्ट्या. असा मी बालीतल्या एका कासाराच्या भट्टीपाशी जन्मलो. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही घडला. कासाराने त्याचे सूर माझ्यापेक्षा मुद्दामच किंचित उतरते ठेवले. दोघांवर एकदम हातोडी पडली की आवाज थरथरत उठायचा. त्याला आमच्याकडे लाट म्हणतात. एकटा वाजलो तर मी नुसता टणटणतो.

देवळाच्या उत्सवात मला न्योमान वाजवायचा आणि जुळ्याला त्याचा धाकटा भाऊ कतुत. पुढे सगळी जुनी वाद्यं वितळवून नवा संच करायचं गावाने ठरवलं. न्योमानने विरोध केला, कतुतने होकार दिला आणि दोघांचं बोलणं तुटलं. पण गंमत पाहा, भट्टी पेटायच्या आत दोघांनीही आपापलं वाद्य गुपचूप घरी पळवलं. मग मी न्योमानकडे कोंबड्यांच्या टोपल्यांमागे धूळ खात पडलो. भाऊ पलीकडच्याच गल्लीत होता, आणि मला त्याची फार आठवण यायची.

न्योमान गेला, तेव्हा त्याची मुलगी लूह मला देनपासार शहरात घेऊन आली. शेवटच्या आजारात तो तिला म्हणाला होता, "याला कुठेही वाजव. पण पट्ट्यांना कानस लावू देऊ नकोस. एकदा सूर बदलला की जुळ्याबरोबर लाट उठायची नाही."

लूहचा बँड म्हणजे कानठळ्या. ढणढणत्या गिटारी, मोडूनतोडून केलेल्या मात्रा, आणि मध्ये लूहच्या हातोडीखाली मी. पहिल्याच तालमीत गिटारवाला अर्का वैतागला.

"हा डबा बेसूर आहे. कानस आण, आत्ता नीट करतो."

"डबा असेल तुझा," लूह म्हणाली. "तुझ्या गिटारला खुंट्या आहेत, त्या पीळ. याला नाहीत."

"म्हणजे आम्ही सगळ्यांनी या म्हाताऱ्यापुढे वाकायचं?"

"हो. आणि आधी भात खाऊन घे. उपाशी असलास की जास्त भांडतोस."

अर्काने कुरकुरत खुंट्या पिळून तारा माझ्या सुरापर्यंत खाली आणल्या. गिटार आणखी खोल, जड वाजू लागली. त्याला ते आवडलं, पण कबूल करेल तर शपथ. लोक आम्हाला डोक्यावर घेऊ लागले. मला मात्र त्या गडगडाटातही भाऊच हवा होता.

मग एकदा आमच्याच गावच्या तरुणांनी बँडला बोलावलं. गाणी संपत आली तेव्हा म्हातारा कतुत जुळ्याला पोटाशी धरून मंचावर आला आणि माझ्याकडे पाहत लूहला म्हणाला,

"याला कानस लावलीस का गं?"

"नाही, काका. बापाने बजावलं होतं."

"मीही नाही लावली." तो माझ्याशेजारी मांडी घालून बसला.

अर्काने तारांवर तळहात ठेवला. सगळे थांबले. दोन हातोड्या एकदम पडल्या, आणि लाट उठली. माझ्या पट्टीपट्टीतून ती गेली. कतुतने डोळे पुसले नाहीत, वाजवतच राहिला.

गाडीत सामान भरताना लूह म्हणाली, "काका, यालाही आमच्याबरोबर द्या ना."

"आणि मग मी कोणाची वाट पाहू?" कतुत म्हणाला. "तू येत जा."

त्याने जुळ्याला उचललं आणि तो घराकडे वळला. मी पुन्हा अर्धा झालो.

मित्रांनो, कुणाचा सूर तुमच्याशी जुळला नाही, तर लगेच कानस शोधू नका. कुठेतरी कुणीतरी त्याच्या जोडीचा सूर जपून ठेवून त्याची वाट पाहत असेल.