उलटी हवा

"टर्बो तुझा, काटा तुझा, नि गाडीचं काही झालं की नाव माझं, असं कसं चालंल रे जितू?"

योगराजने पाना टेबलावर आपटला. जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला पानासुद्धा हातात धरवत नव्हता, एवढं तापलेलं. जितेंद्र त्याचा चुलतभाऊ, गॅरेजात अर्धा भागीदार. कामावरून दोघांचं कधी पटलंच नाही. योगराज नॅचरल, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनवाला. हेड घासणार, कॅम बदलणार, सायलेन्सर मोकळा करणार, महिनाभर एका गाडीत डोकं घालून बसणार. जितेंद्र म्हणायचा, एवढी घासाघाशी करून दहा घोड्यांची ताकद वाढते, टर्बो बसवला की पन्नास. गिऱ्हाईक त्याचंच ऐकायचं.

कापडवाल्या प्रकाशचंद शेठचा पोरगा अमनही त्यातलाच. त्याच्या साध्या पेट्रोल गाडीला दोघांनी मिळून टर्बो चढवला आणि सकाळी अमन ती घेऊन नरडाण्याच्या एमआयडीसीकडे निघून गेला. चार वाजता तिथं धुळ्याच्या एका पोराशी शर्यत होती. कंपन्यांच्या मधला सरळसोट रस्ता, शेवटाला बंद पडलेल्या कंपनीची भिंत. शेजारच्या सीटवर डॅशबोर्डवरचा काटा वाचायला योगराजचा धाकटा भाऊ पियुष.

पियुषनेच जितेंद्रला मेसेज टाकला होता, की वाटेत ओव्हरटेक केल्यावर दोनदा ब्रेक दगडासारखा लागला. भांडण त्यावरून पेटलं. जितेंद्र म्हणत होता, ब्रेकच्या पाईपला हात तू लावलास. योगराज म्हणत होता, तुला डॅशबोर्डवर टर्बोच्या हवेचा काटा पाहिजे होता, त्याला जोड द्यायला तोच पाईप जवळ पडला, आणि जुना सडका होता म्हणून नवा टाकला.

"थांब, दाखवतोच तुला किती सडका होता."

भंगाराच्या डब्यातून त्याने वीतभर काळा तुकडा उपसला नि जितेंद्रच्या नाकापुढे नाचवला. आत काहीतरी खडखडलं.

पाईप सडका नव्हता. योगराजने एका टोकातून फुंकलं, हवा गेली. उलटा धरून फुंकलं, गाल फुगले पण हवा जाईना. त्याने ब्लेडने रबर चिरलं. आतून अंगठ्याच्या पेराएवढा प्लास्टिकचा व्हॉल्व निघाला, हवा एकाच बाजूला जाऊ देणारा.

जितेंद्रने तो घेऊन स्वतः दोन्ही बाजूंनी फुंकून पाहिला.

ब्रेकच्या मागे एक गोल डबा असतो. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, म्हणून नुसता पाय टेकवला तरी गाडी थांबते. नॅचरल इंजिन आपलं ओढत राहतं, तिथं हा व्हॉल्व नसला तरी चालत्या गाडीत सहसा कोणाला कळत नाही. टर्बोचं तसं नाही. पाय पूर्ण दाबला की तो उलटी हवा कोंबतो, आणि अडवायला व्हॉल्व नसला की ती सरळ त्या डब्यात. मग दोन-तीन सेकंद ब्रेकवर उभं राहिलं तरी गाडी ऐकत नाही. आठ वर्षं नॅचरल इंजिनं उघडलेल्या योगराजच्या हातांनी सवयीने पाईप बदलला होता, डोकं तेव्हा जितेंद्रला शिव्या देण्यात होतं. आवारात त्याने गाडी स्वतः चालवून पाहिली होती. आवारात टर्बो जागाच होत नाही.

पियुष योगराजचा फोन उचलेना. सकाळी शर्यतीला निघताना दादाच्या हातची कानाखाली खाल्लेली, त्याचा राग. जितेंद्रने अमनला लावला, स्पीकरवर. मागे पोरांचा गलका. जितेंद्रने व्हॉल्वचं सगळं सांगितलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

अमन हसला. "काय भो जितूभाऊ, काल रेडिएटर गळत होता, आज ब्रेक का? योगराजदादाला म्हणा, उद्यासाठी पण एखादा पार्ट शोधून ठेवा."

काल योगराज खोटंच बोलला होता. शर्यत टळावी म्हणून त्याने रेडिएटरखाली बाटलीभर पाणी ओतलं, आणि अमनने वाकून कोरडे पाईप सगळ्यांसमोर दाखवले.

"अमन, ऐक. काल मी खोटं बोललो. आज नाही बोलत," योगराज म्हणाला. "मी येईपर्यंत गाडी पळवू नको."

"या ना. जिंकलेली गाडी बघायला या."

मागून पियुषचा आवाज आला, "दादा, तू नको येऊ." फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

योगराजने जितेंद्रला पोलिसांना फोन लावायला सांगितलं. तो कोपऱ्यात उभा राहून कुठला रस्ता, कुठली भिंत ते समजावत बसला. पलीकडचा माणूस त्याला आधी स्वतःचं नाव-गाव विचारत होता. योगराजने व्हॉल्व, दोन क्लिपा आणि नवा पाईप पिशवीत कोंबला. दोन वाजून पंचवीस झाले होते. धरणगाव, अमळनेर, बेटावद, निम्म्या वाटेवर ट्रक. त्याची जुनी नॅचरल गाडी कितीही रेटली तरी दोन तास घेणारच, आणि शर्यत चारला.

गाडीत बसला तोच फोन वाजला. पियुष असेल म्हणून त्याने झडप घातली. आई होती, कुंदाबाई.

"जेवाले येतस ना रे दोन्ही? पियुष कोठे शे? फोन उचलत नही तो."

योगराजने चावी फिरवली.

"माय, माले निंघनं शे आते."